दामू भेरेचा भिंतीवरचा टीव्ही

दामू भेरेला वस्तूंचे फायदे सांगायची आवड होती. वस्तू कोणाचीही असो, फायदे दामू सांगायचा. सापगावच्या पुढच्या आमच्या गावात पहिला प्रेशर कुकर आला तो दामूच्या घरात नव्हे, शेजारच्या लडकूच्या घरात. पण त्यात भात किती लवकर होतो, गॅस किती वाचतो आणि जीवनसत्त्वं कशी आतल्या आत राहतात, हे ओट्यावर बसून सगळ्यांना दामूनेच समजावलं. लडकूच्या घरी तेव्हा गॅस नव्हता. कुकर चुलीवर चढायचा आणि बाहेरून तव्यासारखा काळा व्हायचा. दामूच्या मते त्यातही फायदाच होता. काळं भांडं उष्णता धरून ठेवतं.

वासिंदजवळच्या एका कंपनीत तो पॅकिंगला होता. दिवसभर खोकी बांधायची, त्यामुळे खोक्यांवर छापलेलं वाचायची त्याला सवय लागली होती आणि छापलेलं सगळं खरं असतं अशी त्याची समजूत होती. स्वभावाने माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाशी भांडण नाही. फक्त समोरच्याने ऐकून घ्यावं एवढीच अपेक्षा, आणि त्यासाठी समोरच्याला चहासुद्धा पाजायची तयारी.

घरी सगळ्यात जास्त ऐकून घ्यायची ती बायको हौसा. तिचं काम हाताने चालायचं, कान मोकळेच असत. दामूची म्हातारी आई बाईजा खाटेवर बसून ऐकायची आणि मधेच झोपायची. मुलगा आदेश कल्याणला मोबाइलच्या दुकानात कामाला लागला होता, तो ऐकायचा नाही. मुलगी नम्रता खर्डीला दिली होती, ती सुटली होती.

दामूच्या घरात नव्वद सालानंतर कधीतरी रंगीत टीव्ही आला होता. मागे भलं मोठं पोट असलेला, लाकडी टेबलावर बसवलेला. तो लागला की घरातल्या जागा ठरलेल्या. दाराजवळच्या खुर्चीत दामू. भिंतीशी खाटेवर बाईजा. स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर, सूप नाहीतर विळी घेऊन हौसा. प्लास्टिकच्या खुर्च्या पुढे घरात आल्या, पण त्या एकात एक घालून कोपऱ्यात उभ्या असत, पाहुण्यांसाठी. हौसा कधी खुर्चीवर बसली नाही. सासरा होता तेव्हा प्रश्नच नव्हता. सासरा गेला, तरी सासू होती. तिला कोणी मनाई केली नव्हती. मनाई करायची वेळच कोणावर आली नव्हती. तांदूळ निवडता निवडता ती वर बघायची, पुन्हा खाली बघायची. अर्धी मालिका ती बघायची आणि अर्धी ऐकायची, आणि दोन्ही अर्ध्या जोडून तिला पुरेसं कळायचं.

दोन हजार आठ साली दिवाळीच्या आधी आदेशने बापाला कल्याणच्या एका मोठ्या दुकानात नेलं. तिथे भिंतीवर ओळीने पातळ टीव्ही लावले होते. दामू त्यांच्यासमोर उभा राहिला तो राहिलाच. दुकानातल्या टाय घातलेल्या माणसाने त्याला एलसीडीचे सगळे फायदे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी दामूला फायदे सांगत होतं. तो इतका भारावला की घ्यायचं पक्कं करूनच परत आला.

मग महिनाभर गावाने एलसीडी ऐकला. टीव्ही यायचा होता, पण फायदे आधीच पोचले होते.

"पहिला फायदा म्हणजे जागा वाचते," दामू ओट्यावर सांगायचा. "भिंतीला लावला की संपलं. टेबल नको, काय नको."

"आनि वाचलेल्या जागेत काय ठेवनार?" लडकू विचारायचा.

"काय नाय ठेवनार. मोकळं वाटतं मानसाला."

"तुझ्या घरामागं एवढं रान मोकळं हाय, तिथं नाय वाटत?"

दामू पुढच्या फायद्याकडे जायचा. वीज कमी खातो. डोळ्यांना त्रास नाही. वजनाला हलका, एका माणसाने उचलावा. चित्र असं स्वच्छ की नटीच्या कपाळावरचा घामसुद्धा मोजता यावा. नटीचा घाम मोजून काय करायचं, हेही लडकूने विचारलं होतं.

दिवाळीच्या बोनसमध्ये आदेशच्या पगाराची भर पडली आणि टीव्ही आला. एका माणसाने उचलावा असा तो टीव्ही रस्त्यापासून घरापर्यंत तिघांनी आणला, कारण खोकं धरायचं कुठे हे कोणालाच कळेना. दुसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस भिंतीला लावून द्यायला आला. त्याने पिशवीतून ड्रिल काढलं, भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि बटण दाबलं.

दामूचं घर कुडाचं होतं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधलेल्या, वरून शेणामातीचा लेप. दर वर्षी हौसा ती भिंत हाताने सारवायची आणि भिंत दिसायची पण झकास. ड्रिल त्या भिंतीत शिरलं आणि कुठेही न अडखळता पलीकडे गोठ्यात निघालं. गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

माणसाने ड्रिल बाहेर काढलं आणि भोकातून गायीकडे बघितलं. "काका, ही भिंत नाय. हा पडदा आहे. ह्याच्यावर टीव्ही लावला तर टीव्हीसकट भिंत गोठ्यात जाईल."

"मग टेबलावर ठेवायचा का?" हौसाने विचारलं.

तिच्याकडे दामूने असं बघितलं की जणू तिने नवरदेवाला पाटावरून उठवून चटईवर बसवायला सांगितलं होतं. एलसीडी टेबलावर ठेवायचा तर त्याचे फायदे कुठे राहिले? त्याने विटा आणायचं ठरवलं.

आमच्या भागात वीटभट्ट्यांना तोटा नाही. गवंडी मात्र लग्नसराईच्या आधीच्या घाईत होते. तोवर टीव्ही खोक्यातच राहिला. पडवीत ठेवला तर उंदीर कुरतडतील, जमिनीवर ठेवला तर ओल लागेल, म्हणून तो बाईजाच्या खाटेवर ठेवला आणि बाईजा खाली घोंगडीवर झोपू लागली. कोणी म्हातारीला भेटायला आलं आणि मोठ्याने बोललं की ती बोट तोंडावर ठेवून सांगायची, "हळू बोला रे. टीव्ही झोपलाय."

गवंडी आला. कुडाची भिंत पाडायची तर छप्पर उतरवावं लागलं असतं, म्हणून तिच्या आतून विटांची नवी भिंत उभी केली. वर गिलावा, त्यावर गुलाबी रंग. नऊ इंची वीट आणि वरचा गिलावा मिळून खोली जवळजवळ फूटभर आत आली. जुना टीव्ही चालू होता, तो टाकवेना. तो टेबलासकट स्वयंपाकघरात गेला, तिथे त्याच्यामागे भाताची पोती सरकवावी लागली आणि पोत्यांमुळे हौसाची मडक्यांची उतरंड पडवीत आली. जागा वाचवण्याचं काम अशा रीतीने पूर्ण झालं.

शेवटी टीव्ही भिंतीवर चढला. किती उंच लावायचा यावर दामूने कोणाचंही ऐकलं नाही. कल्याणच्या दुकानात तो बरोब्बर त्याच्या डोळ्यांसमोर होता. दामू तिथे उभा होता, एवढं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो घरात भिंतीसमोर उभा राहिला, डोळ्यांसमोर हात धरला आणि म्हणाला, "हितं."

"काका, जरा वर होतोय," दुकानाचा माणूस म्हणाला.

"वरच पायजे. मांजर उडी मारतं."

गणपतीच्या तसबिरीच्या रांगेत टीव्ही लागला. हौसाने त्याला हळदकुंकू लावलं. गाव जमलं होतं. दामूने रिमोट हातात घेतला आणि लाइट गेली. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसातले कितीतरी तास लाइट नसायची, आणि कधी जाईल त्याचं जे वेळापत्रक होतं ते फक्त वीज मंडळाच्या कार्यालयातल्या भिंतीने पाळलेलं. लोक काळ्या काचेसमोर बसून राहिले. काचेत त्यांचीच तोंडं दिसत होती.

"वीज वाचते हे मातर खरं," लडकू म्हणाला.

लाइट आली तेव्हा लोक गेले होते. घरच्यांनी टीव्ही पाहिला. चित्र खरोखर स्वच्छ होतं, पण त्यातली सगळी माणसं जाड झाली होती. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी काढलेलं चित्र या लांबट पडद्यावर ताणून बसायचं, ते कसं बदलायचं हे रिमोटवर कुठेतरी होतं, पण दामूला ते बिघाडासारखं वाटलंच नाही. बाईजाने मालिकेतल्या सुनांकडे निरखून पाहिलं.

"ह्या पोरी अंगानं बऱ्या भरल्यात गो," ती हौसाला म्हणाली. "आधी कशा वाळल्या व्हत्या."

"वाइड हाय तो," दामूने समजावलं.

"वाइट काय त्यात? खात्यापित्या घरच्या दिसतात."

असे महिने गेले. दामूने टीव्ही बघितला, दाखवला, रस्त्याने जाणाऱ्याला आत बोलावून दाखवला. हौसा आपल्या जागी, स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर. एकदा शेंगा सोलताना तिने सहज विचारलं, "अवो, ती बाई एवढी गोरी व्हती, आता काळी का दाखवतात?"

"कोन काळी?"

"समदीच. तोंडं काळी आनि केस पांढरे. भुतासारखी."

दामूने टीव्हीकडे पाहिलं. खुर्चीतून त्याला बाई गोरीच दिसत होती. "तुला तसं दिसतं?"

"कवापासून तसंच दिसतं. मला वाटलं नव्या टीव्हीत तसं असतं."

एलसीडीत दोष असणं शक्य नव्हतं, म्हणून दोष हौसाच्या डोळ्यांत होता. दामू घाबरला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने कामावर खाडा केला आणि हौसाला शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत रिक्षात बसल्यावर तो तिला धीर देत होता की आजकाल मोतीबिंदूचं काही वाटत नाही, अर्ध्या दिवसात घरी सोडतात. डॉक्टरांनी हौसाला अक्षरं दाखवली. तिला वाचता येत नव्हती, मग चित्रं दाखवली. तिने शेवटच्या ओळीतलं बारीक बदकसुद्धा सांगितलं. त्यांनी दिवा लावून डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाले, "ह्यांचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

"पन डॉक्टर, हिला एलसीडी काळा दिसतो. आनि तो तर डोळ्यांना चांगला असतो."

डॉक्टरांनी दामूचेच डोळे तपासले आणि त्याला चष्मा दिला.

घरी आल्यावर दामूला चष्म्यातून चित्र आणखी स्वच्छ दिसू लागलं आणि तो खूश झाला. हौसाने विषय सोडून दिला. काळी तर काळी. आवाज तोच होता.

पण तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. चुलीवरचं बघायला उठली की, उभी असताना, क्षणभर ती बाई गोरी व्हायची. खाली बसली की पुन्हा काळी. दोन-चारदा तिने उठून बसून पाहिलं. बाईजाने विचारलं, "काय गो, मुंग्या आल्या काय?" एका दुपारी दामू कामावर होता, आदेश कल्याणला, आणि लाइट होती. हौसाने सूप उचललं, दामूच्या खुर्चीशी गेली, थोडी थांबली आणि बसली. टोकावर, पडेल की काय अशी. मग हळूहळू पाठ टेकली. सूप मांडीवर घेतलं. सगळ्या बाया गोऱ्या झाल्या होत्या. एकीच्या कानातले डूल कसे हलतात तेही दिसत होतं. त्या मालिकेतली थोरली जाऊ कट करताना डाव्या डोळ्याने हसते, हे हौसाला पहिल्यांदाच कळलं. इतके महिने ती त्या बाईला गरीब समजत होती.

खाटेवरून बाईजा बघत होती. टीव्हीकडे नव्हे, सुनेकडे.

नेमकं त्या दिवशी कंपनीत काहीतरी बंद पडलं आणि दामू लवकर सुटला. तो दारात आला तेव्हा बायको त्याच्या खुर्चीत बसली होती, पाय जमिनीपासून जरासे वर. हौसा तांदळाचं सूप सावरत उठू लागली.

"बस गो," बाईजा म्हणाली. "उठू नको."

दामूने आईकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या बाईने सुनेचा आपल्यासमोर पदर ढळू दिला नव्हता, ती आता भिंतीला टेकून पान चघळत होती.

"आता माजं कोन काय करतंय," बाईजा म्हणाली. "मी पन बसले नाय कवा. माज्या सासूनं नाय बसू दिलं, मग नवऱ्याचा बाप व्हता, मग सवयच गेली. ती बसली तर तुजी खुर्ची झिजत नाय."

फायदे विचारले असते तर दामूने सांगितले असते. त्याने चपला काढल्या आणि दुसरी खुर्ची ओढायचं त्याच्या ध्यानात न आल्याने तो जमिनीवर बसला. वर पाहिलं. पडद्यावर काळ्या तोंडाची, पांढऱ्या केसांची माणसं एकमेकांना पेढे भरवत होती.

मग तो म्हणाला, "सेटिंग बिघडलीय."

दुसऱ्या दिवशी त्याने दुकानात फोन केला. तोच ड्रिलवाला माणूस आला. त्याने खुर्चीत बसून पाहिलं, खाली बसून पाहिलं आणि सांगितलं की बिघाड काही नाही; हा पडदा समोरून बघायचा असतो, फार खालून बघितला तर रंग उलटे होतात. टीव्ही दोन हात खाली घ्यायचा, एवढाच उपाय.

"खाली घेतला तर ही भोकं?" दामूने विचारलं.

"ती राहणार. बुजवून रंग लावा."

दामूने गुलाबी भिंतीवरून हात फिरवला. टीव्हीसाठी त्याने भिंतीआड ही नवी भिंत उभी केली होती. त्याचं मन होईना. "खाली नको," तो म्हणाला. "मांजर हाय."

घरात मांजर नव्हतं. ते जुना टीव्ही होता तेव्हा होतं, त्याच्या गरम पाठीवर झोपायचं. पातळ टीव्हीवर झोपायला जागा नाही म्हटल्यावर ते लडकूकडे राहायला गेलं होतं.

त्या संध्याकाळी आदेशने कोपऱ्यातल्या खुर्च्या एकातून एक सोडवल्या. त्यांची आपापसात इतकी वर्षं मिठी पडली होती की त्याला त्या पायांना धरून ओढाव्या लागल्या. एक हौसाची झाली. तिने ती स्वयंपाकघराच्या दारातच ठेवली, तिच्या जुन्या जागेवर, फक्त उंच.

पुढची गोष्ट बायांमध्ये पसरली, आणि दामूला कळायच्या आत. दुपारच्या मालिकेला लडकूची बायको सोमी आली. तिनेही आधी जमिनीवर बसून पाहिलं, मग तक्रार केली. हौसाने तिला सांगितलं, "खालून नाय दिसत. खुर्ची आन." सोमी घरी गेली आणि खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन आली. आठवड्याभरात आमच्या आळीत दुपारी असा देखावा दिसू लागला की बाया ओळीने, पाण्याला निघाल्यासारख्या, डोक्यावर लाल-निळ्या खुर्च्या घेऊन दामूच्या घरी चालल्यात. ज्यांच्या घरच्या पुरुषांनी विचारलं, त्यांना त्या सांगायच्या, "काय करनार, टीव्हीच तसा हाय." टीव्हीचं तंत्र होतं ते, दुकानाच्या माणसाने स्वतः सांगितलेलं.

बायकांनी खुर्च्यांवर बसावं की नाही, असा ठराव आमच्या ग्रामसभेत आला असता तर तो नक्की नापास झाला असता. तो कोणी आणलाच नाही.

दामूचे मात्र हाल झाले. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच्या खोलीत खुर्च्यांची दाटी, त्याच्या खुर्चीत बहुधा सोमी, आणि तो ओट्यावर. आतून आवाज यायचा. तो बाहेरून विचारायचा, "कोन रडतंय आता?" हौसा आतून सांगायची, "धाकली. खोटं रडते." हळूहळू तो अर्धी मालिका ऐकून समजायला शिकला.

दोन वर्षांनी नम्रताला मुलगी झाली. खर्डीला तिच्या सासरी बारसं होतं. अंगणात मांडव, एका बाजूला पुरुषांसाठी भाड्याच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला बायांसाठी सतरंजी. बाईजा तोवर गेली होती. हौसा मांडवात आली, सतरंजीकडे पाहिलं, आणि चालत जाऊन पुरुषांच्या बाजूची एक खुर्ची उचलली. ती पाळण्याजवळ ठेवली आणि बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत बाळाचं झबलं.

पाळण्याशी उभी असलेली विहीण सकुबाई बघतच राहिली. नम्रताने आईकडे डोळे मोठे करून पाहिलं. हौसा शांतपणे पाळण्यात डोकावत होती.

"तुमाला गुडघ्यांचा त्रास हाय काय?" सकुबाईने अखेर विचारलं.

"नाय," हौसा म्हणाली. "हितनं बाळ चांगलं दिसतं."

सकुबाई मुलाला हाक मारून म्हणाली, "मला पन एक दे रे."

पलीकडे व्याही दामूला विचारत होते की हे काय नवीन. दामूने चष्मा पुसला, खुर्चीत नीट सरकून बसला आणि त्यांना समजावू लागला की त्याने एलसीडी घेतला तेव्हा तो मुद्दाम उंच लावला, दुकानाचा माणूस नको म्हणत असतानाही, कारण बायकांना सुधारायचं तर ते असं न बोलता करावं लागतं. व्याही मान डोलवत होते. मांडवाच्या त्या टोकाला नम्रताची आत्तेसासू दोन खुर्च्या एकमेकींतून सोडवायला झटत होती, आणि बाया खुर्च्यांवर बसल्यावर पुरुषांची पहिली पंगत कोणी वाढायची हे अजून ठरलं नव्हतं.